भूत कुणाचं, भीती कुणाची?

आधी नावच तपासू. एक्स्प्लॉयटेशन सिनेमा. मराठीत शोषणपट म्हणा. अमेरिकेतल्या सिनेमाधंद्यात या शब्दाचा मूळ अर्थ नुसता जाहिरातबाजी असा होता. नावाजलेला नट नाही, पैसा नाही, मग पोस्टर भडक करा, ट्रेलरमध्ये किंचाळ्या भरा आणि माल खपवा. पुढं या शब्दाची शिवी झाली. १९७०च्या दशकात लाखभर डॉलरात उरकलेल्या रक्तबंबाळ भयपटांना ती चिकटली ती कायमची. आता गंमत बघा. ज्या बड्या कंपन्यांनी काळ्या माणसाला वर्षानुवर्षं पडद्यावर नोकर, आचारी आणि विदूषक करून नाचवलं, त्यांच्या सिनेमांना शोषणपट कुणी म्हटलं नाही. ते अभिजात! शोषण ज्याच्या घरचं, शब्दकोशही त्याच्याच घरचा.

हे सिनेमे मी बघतो. मोबाइलवर, मित्राच्या खोलीवर, मिळेल त्या फाटक्या प्रिंटवर बघतो. आमच्यातले काही शहाणे विचारतात, चळवळीतल्या पोरानं हा कचरा कशाला बघायचा? वाचायला पुस्तकं थोडी आहेत काय? त्यांना माझं उत्तर एवढंच की समाज शहाण्यासारखा बोलत असतो तेव्हा खोटं बोलतो, आणि घाबरलेला असतो तेव्हा त्याच्या तोंडून खरं बाहेर पडतं. भयपट म्हणजे घाबरलेल्या समाजाची जबानी. त्याला कोण राक्षस वाटतो ते तो स्वतःच सांगून टाकतो.

राक्षस हा शब्द आपल्याला काही नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि पोथ्यांतले दैत्य-राक्षस म्हणजे इथलीच मूळची माणसं, जिंकणाऱ्यांनी बदनाम केलेली, असं ठणकावून सांगितलं. ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. राक्षस कोणी ठरवला आणि गुलाम कोणी केला, हे दोन्ही प्रश्न जोतीरावांनी एकाच पुस्तकात मांडले. अमेरिकेतला भयपट बघायला मला दुसरा चष्मा लागत नाही.

आता धंदा समजून घेऊ. ड्राइव्ह-इन म्हणजे उघड्यावरचं थेटर. ६ जून १९३३ला न्यू जर्सीतल्या कॅमडेन भागात रिचर्ड हॉलिंग्सहेडनं पहिलं काढलं. मोकळं रान, समोर प्रचंड पडदा, गाड्या ओळीनं उभ्या. पुढं पुढं तर खांबावरचा स्पीकर काढून गाडीच्या काचेला अडकवायची सोय झाली. १९५८च्या सुमाराला अमेरिकेत अशी चार हजारांवर थेटरं होती. पण अंधार पडल्याशिवाय खेळ नाही, पाऊस आला की बोंब. खरी कमाई तिकिटावर कमी आणि हॉट डॉग, पॉपकॉर्न, कोकवर जास्त. बड्या कंपन्या नवा सिनेमा आधी शहरातल्या पक्क्या थेटरांना द्यायच्या. त्यात टीव्ही आला आणि बायकापोरं घेऊन येणारा मध्यमवर्ग घरात बसला. उरली गाडीत अंधार शोधणारी पोरंपोरी. त्यांना एका तिकिटात दोन-तीन सिनेमे लागायचे. कथेत काय चाललंय याच्याशी निम्म्यांना देणंघेणं नसायचं. म्हणून दर दहा मिनिटांनी किंकाळी पाहिजे, रक्त पाहिजे, उघडं अंग पाहिजे.

माल पुरवायला प्रांताप्रांताचे दलाल. प्रिंटा मोजक्याच, या गावातून त्या गावाला फिरायच्या. सिनेमा पडला तर नाव बदला, पोस्टर बदला, तोच परत नवा म्हणून लावा. आणि हे उघड्या आभाळाखालचं थेटरही सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. दक्षिणेत काही ड्राइव्ह-इनमध्ये काळ्यांना वेगळी बाजू होती. कुठं वेगळं फाटक, कुठं मध्ये चक्क भिंत. आभाळाला शिवाशिव लावता येईना म्हणून जमिनीला लावली. गोरे उपनगरात पळाले तसतशी शहराच्या पोटातली जुनी, पडकी थेटरं काळ्या प्रेक्षकांना उरली. तेच स्वस्त सिनेमे तिथंही लागायचे. उपनगरातली गोरी पोरं आणि शहरातली काळी पोरं एकाच पडद्यावरचं एकच भूत बघत होती. दोघांची भीती मात्र एक नव्हती.

जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' घ्या. १९६८चा, पण सत्तरचं अख्खं दशक तो ड्राइव्ह-इनमध्ये आणि मध्यरात्रीच्या खेळांना फिरला. पिट्सबर्गच्या दहा जणांनी सुरुवातीला प्रत्येकी ६०० डॉलर काढले. एकूण खर्च १ लाख १४ हजार डॉलरच्या आसपास. कथा साधी. मुडदे उठतात, जित्यांना खातात. सात माणसं एका घरात अडकतात. त्यातला सगळ्यात डोकं चालवणारा माणूस बेन. हा काळा. ड्वेन जोन्स या काळ्या नटानं ते काम केलं. पटकथेत बेनच्या रंगाचा उल्लेख नव्हता, चाचणीत सगळ्यात चांगला तो निघाला म्हणून घेतला, असं रोमेरो सांगायचा. खरं असेल. पण रंग कागदावर नसला तरी बघणाऱ्याच्या डोळ्यात असतोच. जोन्सला ते ठाऊक होतं. कागदावरचा बेन रांगडं बोलणारा ट्रकवाला होता. जोन्सनं त्याचं बोलणं बदललं, त्याला शहाणा, ठाम माणूस केला.

आणि शेवट? रात्रभर मुडद्यांशी लढून बेन एकटा जगतो. सकाळ होते. बंदुका घेतलेल्या गोऱ्यांची टोळी शेरीफबरोबर येते. खिडकीत बेन दिसतो. नेम धरतात. ठार. मग आकड्यांनी त्याचं प्रेत ओढतात आणि मुडद्यांच्या ढिगावर टाकून जाळतात. हे सगळं दाणेदार स्थिर छायाचित्रांत दाखवलंय. अमेरिकेत काळ्यांना झाडाला लटकवून, जाळून, शेजारी उभं राहून गोऱ्यांनी फोटो काढले आणि त्यांची पोस्टकार्डं छापून विकली. ज्यानं ती बघितलीत त्याला या शेवटाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ४ एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. तयार प्रिंट गाडीत टाकून न्यूयॉर्कला जाताना रेडिओवर ती बातमी ऐकली, असं रोमेरोनं सांगितलंय. बेनला वाचवणारा गोड शेवटही चर्चेत होता. जोन्सनंच त्याला विरोध केला. काळ्या प्रेक्षकाला असला खोटा दिलासा नको, असं त्याचं म्हणणं.

आता सांगा, या सिनेमात भूत कोण? मुडदे बेनला खाऊ शकले नाहीत. कायद्यानं खाल्ला. उपनगरातलं गोरं पोरगं मुडद्यांना घाबरलं आणि सकाळ झाल्यावर सुटलो म्हणालं. काळ्या पोराला सकाळचीच भीती. रात्री दारावर कोण येईल याची धास्ती आपल्याही वस्त्यांनी भोगलीय. पण उजेडात, पंचांसमोर, पोलिसांसमोर जे होतं ते जास्त भयानक असतं. एवढं शहाणपण हा कचरा सांगतो.

आणि धंदा बघा. वितरकानं ऐनवेळी सिनेमाचं नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली. त्या काळच्या कायद्यात तेवढ्यानं मालकी गेली. सिनेमा सगळ्यांचा झाला. करणाऱ्यांच्या हाती त्या मानानं काहीच आलं नाही, दाखवणाऱ्यांनी मात्र दशकं गल्ला भरला. आज तो कुणालाही फुकट बघता येतो. बघा.

१९७२ साली 'ब्लॅक्युला' आला. हेच ते वर्ष. इकडं मुंबईत पोरांनी ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन दलित पँथर उभी केली. तिकडं अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या स्वस्त मालाच्या कारखान्यानं काळा ड्रॅक्युला बाजारात आणला. गल्ला काळ्या प्रेक्षकाचा, गल्ल्यावर मालक गोरे. पण त्यात विल्यम मार्शल हा नट होता. शेक्सपिअरचा ऑथेल्लो केलेला, भरदार आवाजाचा माणूस. पात्राला इतिहास पाहिजे असं त्यानं धरून लावलं. म्हणून सिनेमा १७८०मध्ये सुरू होतो. मामुवाल्डे हा आफ्रिकन राजपुत्र गुलामांचा व्यापार थांबवायला मदत मागत युरोपात ड्रॅक्युलाच्या दारात जातो. ड्रॅक्युला हसतो, त्याच्या बायकोवर नजर टाकतो, त्याला चावतो आणि शवपेटीत कोंडतो. कोंडताना त्याचं नावही काढून घेतो. तू मामुवाल्डे नाहीस, तू ब्लॅक्युला.

इथं मी थांबतो. रक्त पिणं हा पिशाचपणाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे नाव देणं. मनुस्मृतीत शूद्राचं नाव निंदावाचक ठेवावं असं लिहिलंय. आपल्या आज्या-पणज्यांच्या नावांत दगड्या, धोंड्या, कचऱ्या का होते हे त्या एका ओळीवरून कळतं. रजिस्टरमधलं नाव बदलायला माणसं कचेरीच्या किती पायऱ्या झिजवतात ते शहरातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. मामुवाल्डेला मालकानं दिलेलं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात लागलं, आणि कंपनीनं त्यावरच पैसा केला. शेवटी प्रेमाची बाई मेल्यावर तो आपल्या पायांनी जिना चढतो आणि उन्हात जाऊन मरतो. कुणी गोरा नायक येऊन त्याच्या छातीत खुंटी ठोकत नाही. एवढी इभ्रत मार्शलनं त्याला मिळवून दिली. सिनेमा सगळा निर्मळ आहे असं नाही. त्यात दोन समलिंगी माणसांची केलेली टवाळी हलकट आहे. दबलेल्याच्या सिनेमात दुसऱ्या दबलेल्याला लाथ बसते, हे आपल्याकडंही होतं. ते नजरेआड करू नका.

त्या वेळी काळ्यांच्या चळवळीतही भांडण झालं होतं. एनएएसीपीच्या हॉलिवुड शाखेच्या ज्युनियस ग्रिफिननं या सगळ्या सिनेमांना 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' म्हटलं आणि १९७२मध्येच त्यांच्याविरुद्ध संघटनांची आघाडी झाली. आक्षेप खरा होता. पैसा गोऱ्यांच्या खिशात, आणि पडद्यावर काळा माणूस म्हणजे दलाल नाहीतर गुंड. उलट बाजूला ह्युई न्यूटन. १९७१च्या 'स्वीट स्वीटबॅक' या मेल्विन व्हॅन पीबल्सच्या सिनेमाला त्यानं पँथरच्या अंकात क्रांतिकारक ठरवलं. मी कुणाच्या बाजूचा? सिनेमा बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही. डोळे मिटून टाळ्या पिटणाऱ्यांच्याही नाही. प्रत्येक सिनेमा उभा करून उलटतपासणी घ्यावी लागते. कष्ट आहेत, पण सुटका नाही.

उदाहरणार्थ 'शुगर हिल', १९७४. दिग्दर्शक पॉल मास्लान्स्की, गोरा. हेतू धंद्याचा. पण त्यातले झोंबी बघा. झोंबी ही कल्पना आली हैतीच्या उसाच्या मळ्यांवरून. झोंबी माणसं खात नव्हता. मेल्यावरही ज्याला मालकाच्या रानात राबावं लागतं तो झोंबी. गुलामाला मरणाची भीती नव्हती, मरणानंही सुटका होणार नाही याची भीती होती. रोमेरोनंतर सगळ्या जगाचा झोंबी नरभक्षक झाला. ज्याला राबवून खाल्लं तोच खाणारा ठरला! 'शुगर हिल'मध्ये मात्र उठून येतात ते गिनीहून आणलेले गुलाम, मनगटांत अजून बेड्या असलेले, आणि गोऱ्या गुंडांचा हिशेब करतात. सिनेमा सुमार आहे. ती बेडी सुमार नाही.

आणि बिल गन. १९७२ साली त्याला सांगितलं, 'ब्लॅक्युला'सारखा चालणारा काळा पिशाचपट काढ. त्यानं पैसे घेतले आणि काढला 'गंजा अँड हेस'. पुन्हा ड्वेन जोन्स. रक्ताचं व्यसन, चर्च, आफ्रिका, पैसेवाल्या काळ्या माणसाचं एकटेपण, सगळं त्यात. कान महोत्सवात समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. घरी मात्र गोऱ्या समीक्षकांना तो कळला नाही. गननं न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून त्यांना जाब विचारला. निर्मात्यांनी सिनेमा कापला, नाव बदललं आणि ड्राइव्ह-इनच्या बाजारात सोडला. मूळ प्रिंट न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात राहिली म्हणून आज आपल्याला दिसते. आपली कविता प्रस्थापितांच्या मासिकातून कशी परत येते, आली तर कशी छाटून येते, हे ज्यांनी भोगलंय त्यांनी बिल गनला शोधावं.

आता सगळ्यात अवघड सिनेमा. 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर', १९७४, दिग्दर्शक टोबी हूपर. १९७३च्या उन्हाळ्यात टेक्सासच्या भट्टीत चित्रण. नासलेलं मांस, खरी हाडं, न धुतलेले कपडे, जेवणाच्या प्रसंगाला सलग चोवीस तासांहून जास्त काम. पुढं सिनेमानं कोट्यवधी डॉलर कमावले. ज्या वितरकाकडं तो गेला त्याचे संबंध माफियाशी होते. घाम गाळणाऱ्या नटांच्या हातावर चिल्लर पडली. पोस्टरवर सत्यकथा म्हणून बोंब मारली होती. सत्य एवढंच की विस्कॉन्सिनमध्ये १९५७ साली एड गीन नावाच्या माणसाच्या घरात प्रेतांच्या कातड्याच्या वस्तू सापडल्या होत्या. बाकी सगळं रचलेलं.

गाडीतून पाच तरुण येतात. त्यातल्या भावा-बहिणीचा आजा जवळच्या कत्तलखान्याला गुरं विकायचा. वाटेत एक जण गाडीत चढतो. त्याचं घराणं कत्तलखान्यात गुरं मारणारं. हातोड्यानं मारायचे. मग हवेची बंदूक आली आणि हे बेकार झाले. त्याचा भाऊ चामड्याचा मुखवटा घालतो. नाव लेदरफेस. पुढं हेच घराणं त्या पोरांना गुरांसारखं कापतं. म्हणजे बघा, गुरं विकणाऱ्याची नातवंडं गाडीत, गुरं मारणाऱ्याची नातवंडं मुखवट्याआड. पहिली माणसं, दुसरे राक्षस.

हे बघताना माझ्या पोटात जे ढवळलं ते अमेरिकेतल्या गोऱ्या पोराच्या पोटात ढवळणं शक्य नाही. लेदरफेसचं घराणं गोरं आहे हे मला माहीत आहे. त्यांचा आणि माझा इतिहास एक नाही. पण कातडं, हाड, वास, मेलेलं ढोर यांनी कुणाला शिसारी येते आणि त्या शिसारीचा बाजार कसा होतो, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. मेलेलं ढोर ओढायचं आम्ही, सोलायचं आम्ही, जोडा घालायचा त्यांनी, आणि बाटगे आम्ही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांचं मांस सोडा म्हणून सांगितलं ते या शिसारीच्या मुळावर घाव घालायला. पण सोडलं तरी मारतात आणि केलं तरी मारतात. जुलै २०१६मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या चार तरुणांना गाडीला बांधून मारलं. मारणाऱ्यांनीच त्याची फिल्म काढली आणि मिरवत वाटली. तिथं सोलणारा राक्षस नव्हता. राक्षसाच्या हातात कॅमेरा होता.

'चेन सॉ' हा मांसाहाराविरुद्धचा सिनेमा आहे असं पुष्कळ जण कौतुकानं सांगतात. अमेरिकेत सांगा. तिथं त्याचा रोख यंत्रावर घातलेल्या मांसधंद्यावर धरता येईल. इथं सांगताना सांभाळून. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा आला. या देशात मांसाची किळस कधीच नुसत्या मांसाची नसते, खाणाऱ्याची असते. किळसेचं शास्त्र इथं दोन हजार वर्षं शिकवलंय, त्याला टेक्सासहून गाईड मागवायची गरज नाही.

तरीही हा सिनेमा मी फेकून देत नाही. कारण बेकारीची गोष्ट त्यानं सांगितली. हातातलं काम काढून घेतलं की माणसाचं काय होतं हे सांगितलं. त्या घरातला म्हातारा आजा, एके काळचा नामी मारेकरी, त्याच्या हातात आता हातोडा टिकत नाही. पोरं परत परत देतात, परत परत पडतो. तो प्रसंग भयानक आहे आणि केविलवाणाही. पण एक माणूस सिनेमात दिसतच नाही. कत्तलखान्याचा मालक. हवेची बंदूक ज्यानं आणली, माणसं ज्यानं काढली, नफा ज्यानं मोजला तो. त्याला मुखवटा लागत नाही. तो फ्रेमच्या बाहेर बसलाय.

आता बाईबद्दल. इथं मी कुणाला सूट देणार नाही. १९७२चा वेस क्रेव्हनचा 'द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट' इंगमार बर्गमनच्या १९६०च्या 'द व्हर्जिन स्प्रिंग'वरून उचललेला. मुलीवर बलात्कार, खून, आईबापांचा सूड. बर्गमनला ऑस्कर, क्रेव्हनला १९७४ साली ब्रिटनच्या सेन्सॉरचा नकार. अभिरुचीचं राजकारण कळायला एवढी जोडी पुरे. पण म्हणून क्रेव्हन धुतल्या तांदळाचा होत नाही. १९७८चा मायर झार्कीचा सिनेमा आधी 'डे ऑफ द वुमन' होता. वितरकानं १९८०मध्ये 'आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह' असं नाव ठोकलं, पोस्टरवर पाठमोरी अर्धी उघडी बाई लावली आणि विकला. बाई शेवटी सूड घेते म्हणून तो बाईचा सिनेमा, असं काही जण म्हणतात. अत्याचार विकून झाल्यावर सूड फुकट वाटायला काय जातं? आपल्या आयाबहिणींच्या अंगावर जे गुदरतं त्याची तिकिटं कशी लागतात हे आपण जाणतो. मागच्या बाकावर बसून शिट्टी मारणारा पोरगा आपल्यातलाच असतो. त्याला पँथर म्हणवून घ्यायचा हक्क नाही.

आणि आपलं देशी दुकान? रामसे बंधूंचा 'दो गज़ ज़मीन के नीचे' त्याच १९७२चा, महाबळेश्वरला उरकलेला. १९८४चा 'पुराना मंदिर' तर छोट्या गावांतून धो धो चालला. राजानं मांत्रिक सामरीला मारलं, मरताना त्यानं राजघराण्याला शाप दिला. भीती कुणाची? हवेलीची. आपला वंश बुडेल ही जमीनदाराची भीती गावच्या पोरानं पैसे मोजून उसनी घेतली. ज्याच्या बापाला हवेलीची पायरी चढू दिली नाही तो हवेलीसाठी घाबरला! उसनी भीती ही गुलामगिरीची शेवटची कडी.

म्हणून दोस्तांनो, कचरा कचरा म्हणून नाक दाबू नका. नाक दाबणं हा इथल्या वरच्या जातींचा जुना धंदा आहे, तो त्यांनाच लखलाभ. पडद्यावर कुणी किंचाळलं की विचारा, ही भीती माझी की मालकाची? राक्षसाचा मुखवटा कुणाच्या कातड्याचा आहे? आणि फ्रेमच्या बाहेर बसून पैसे कोण मोजतंय? शंभर-सव्वाशे हजार डॉलरात, उधारीच्या कॅमेऱ्यात, गावची माणसं उभी करून पिट्सबर्गच्या पोरांनी जगाला हलवलं. आज आपल्यातल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. उनाच्या मारेकऱ्यांच्याही खिशात होता. आपली भीती आपण अजून पडद्यावर आणलेली नाही. ती आली तर लोक सामरीला विसरतील. कारण आपल्या भुताला शिंगं नाहीत, दात नाहीत. ते सकाळी अंघोळ करून, टिळा लावून, नावानिशी उजेडात फिरतं.